मुंबईतून परत फिरलेला राजपुत्र

रशियाच्या रोमानोव्ह राजघराण्याची चरित्रं मी वर्षानुवर्षं वाचतेय. शेवटचा झार निकोलस, त्याची राणी अलेक्झांड्रा, त्यांच्या मर्जीतला साधू रास्पुतिन यांच्यावर इतकं लिहून झालंय की नवं पुस्तक हाती आलं की मी आधी मागची सूची उघडते आणि एकच नाव शोधते. गेओर्गी, निकोलसचा पाठचा भाऊ. बहुतेक ठिकाणी त्याच्या वाट्याला दीड-दोन पानं येतात.

जन्म १८७१चा. भावंडांत हुशार हाच, आणि तोंडाने भारी हजरजबाबी. त्याचे विनोद निकोलस चिठ्ठ्यांवर उतरवून एका पेटीत जपून ठेवायचा. भाऊ गेल्यावर कित्येक वर्षांनी त्या चिठ्ठ्या काढून तो एकटाच हसत बसे, असं सांगतात. निकोलसबद्दल मी जे काही वाचलंय, त्यात मला त्याच्या सगळ्यात जवळ नेणारी गोष्ट हीच.

१८९०मध्ये दोघे भाऊ ‘पाम्यात अझोवा’ या युद्धनौकेवरून पूर्वेच्या सफरीला निघाले. समुद्राच्या हवेनं मुलाची छाती सुधारेल अशी आईला, मारिया फ्योदोरोव्हनाला, आशा होती. डिसेंबरात बोट मुंबईला लागली आणि घडलं उलटंच. गेओर्गीची तब्येत इतकी ढासळली की त्याला इथूनच परत पाठवावं लागलं. निकोलस पुढे गेला. जपानमध्ये ओत्सूला एका पोलिसाने त्याच्यावर तलवार चालवली. चरित्रकारही त्याच्याबरोबर थेट तिकडे पळतात. मी मुंबईची, त्यामुळे माझं मन आपल्या बंदरातच अडकतं. त्या धाकट्याचं पुढे काय झालं, ते सांगा ना!

झाला होता क्षय. तेव्हा त्यावर औषध नव्हतं, होती ती हवापालट. कॉकेशसच्या डोंगरात, जॉर्जियातल्या अबास्तुमानी गावी त्याने उरलेलं आयुष्य काढलं. १८९४मध्ये वडील, तिसरे अलेक्झांडर, गेले. निकोलसला मुलगा नव्हता, म्हणून गेओर्गी रशियाचा युवराज झाला. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा वारस, आणि राजधानी त्याला दुरापास्त! १८९९च्या उन्हाळ्यात तो मोटार लावलेली सायकल घेऊन एकटाच बाहेर पडला. वाटेत रक्ताची उलटी झाली. तिथून जाणाऱ्या मोलोकान या ख्रिस्ती पंथाच्या एका शेतकरी बाईने त्याला सावरलं, आणि तिच्याच हातांत त्याने प्राण सोडला. वय २८. मारियाने पुढे त्या बाईला मुद्दाम बोलावून घेतलं आणि मुलाचे शेवटचे क्षण तिच्या तोंडून ऐकले. म्हणून मी सगळ्यांना सांगते, गेओर्गी वाचायचा असेल तर त्याच्या आईचं चरित्र वाचा. मुलगा तिथे जास्त भेटतो.

त्याचं काम मात्र इथे संपलं नाही. क्रांतीनंतर १९१८मध्ये निकोलसला कुटुंबासह येकातेरिनबुर्ग शहरात गोळ्या घातल्या होत्या. त्या शहराजवळचे सांगाडे १९९१मध्ये उकरून काढल्यावर निकोलसच्या डीएनएचं कोडं पडलं. आईकडून उतरणाऱ्या भागात एका जागी दोन रूपं मिसळलेली होती. हयात नातेवाइकांत त्यांतलं एकच. शंका उरली. शेवटी १९९४मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या पीटर आणि पॉल कॅथेड्रलमधली गेओर्गीची कबर उघडली. त्याच्या हाडांत तेच मिश्रण, त्याच जागी! १७ जुलै १९९८ला निकोलसला त्याच कॅथेड्रलमध्ये दफन केलं.

झारची ओळख ज्याच्या हाडांनी पटली, त्याचं नुसतं त्याच्यावरचं एक जाडजूड चरित्र मला हवंय, आणि त्यात मुंबईवर एक अख्खं प्रकरण.