१८,०००चा छंद, हातात २,१००

घर बदलताना सामानाच्या यादीत फिशटँक लिहायला मी विसरलो होतो. फोंड्याचं भाड्याचं घर सोडून पर्वरीला जायचं होतं, तिसरा मजला, लिफ्ट नाही. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. भरली की १९० लिटरच्या आसपास पाणी. बायकोने एकदाच विचारलं, "ही काच वर कोण नेणार?" तिथेच निकाल लागला.

चार वर्षांत या नादापायी अंदाजे १८,००० गेले होते. सगळी बिलं मी जपून ठेवली होती. त्यांची बेरीज केली, निम्मे म्हणजे ९,००० सहज मिळतील असं धरलं आणि म्हापशातल्या एका दुकानात गेलो. तेही शुक्रवारी! बाजाराच्या दिवशी गाडी लावायला जागा शोधण्यातच पाऊण तास गेला, आणि दुकानदाराला मान वर करायला सवड नव्हती. मोबाइलवरचे फोटो बघून तो एवढंच म्हणाला, "सोमवारी या. टाकी आणू नका."

सोमवारी बिलांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवून पाणी गाळणारा डबा, बादलीत लावून कान देऊन ऐकला. घरघर होत होती. त्याने मोटरचं झाकण उघडलं, पंख्यात अडकलेला गोगलगायीचा चिमुकला शंख चिमट्याने काढून काउंटरवर ठेवला आणि पुन्हा चालू केलं. आवाज बंद. "हा शंख तसाच असता तर मी तीनशे कमी दिले असते," तो म्हणाला. ५,५००च्या फिल्टरचे ११०० मिळाले. लाइटचे ४००.

हीटर बघून मात्र तो हसला. "हो हांगा कोण घेतलो?" म्हणजे हा इथे कोण घेणार? खरंच आहे. गोव्यात वर्षातले बहुतेक दिवस पाणी आपोआपच कोमट असतं. एका पावसाळ्यात माशांवर पांढरे ठिपके आले, त्या रोगात पाणी गरम ठेवतात म्हणून मी घाबरून तो आणला होता.

टाकी का नको, हे त्याने सरळ सांगितलं. नवी टाकी तो स्वतः काच कापून, सिलिकॉन लावून हवी त्या मापाची करून देतो. जुन्या सिलिकॉनची हमी कोण देणार? गळली तर गिऱ्हाईक भांडायला त्याच्याच दारात. शिवाय ती विकली जाईपर्यंत तीन फूट जागा अडणार. फोडलेली औषधं, अर्धी खाद्याची पाकिटं आणि खडी त्याने हातानेच बाजूला सारली.

मग ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला लाकडाचा ओंडका उघडला. त्यावर अनुबियास आणि जावा फर्न या पाणवनस्पती धरलेल्या. हे फुकट द्यायचं, असं मनात होतं. त्याने लगेच ६०० मोजले! अनुबियास इतका संथ वाढतो की लाकडाला मुळांनी घट्ट धरलेला एवढा झुपका तयार मिळत नाही, आणि ज्यांच्याकडे लाइट साधा आहे त्यांच्याकडेही तो टिकतो.

एकूण २,१००. पैशांऐवजी त्याच्याकडचं सामान घेतलं असतं तर २,८००चं देत होता, पण छंद बंद करायला निघालेल्या माणसाने सामान घेऊन करायचं काय?

मोलीज, म्हणजे टाकीतले बारके मासे, त्याने पैसे न देता ठेवून घेतल्या. उरला सकर, तोंडाने काचेला चिकटणारा मासा. दोन इंचांचा आणला होता, आता फूटभर. दुकानदार नाही म्हणाला. शेजारी म्हणाले, "नदीत सोडून दे ना, पुण्य लागेल." कसलं पुण्य! हा मासा दक्षिण अमेरिकेतला. आपल्या देशात कितीतरी तळ्यांत आणि नद्यांत लोकांनी सोडूनच तो माजला आहे, काठांना बिळं करतो. म्हणून तो राहिला, आणि त्याच्यापायी टाकीही भरलेलीच राहिली, साध्या स्पंज फिल्टरवर.

घर सोडायला पाच दिवस उरले असताना दुकानदाराचा फोन आला. त्याच्या ओळखीच्या एका गिऱ्हाइकाकडे सहा फुटी टाकी होती, त्याला सकर हवा होता. तो माणूस आला, माशाआधी टाकीकडेच बघत बसला. बोटाने चारही कडा, खालचा कोपरा चाचपला, बोट कोरडं. "पाणी कधीपासून आहे यात?" "चार वर्षं." आणखी काही विचारलं नाही. ८०० रुपये देऊन सकर आणि टाकी दोन्ही घेऊन गेला. पिकअपमध्ये रिकामी टाकी चढवताना मी त्याच्या नकळत हीटर आत टाकला.