रिपोर्ट नॉर्मल, दुखणे कायम

छातीत दुखते म्हणून वारंवार तातडीच्या विभागात येणाऱ्या रुग्णाचे ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल आले, तर त्यातून हृदयविकाराचा झटका बहुधा नाही एवढेच कळते. दुखणे खोटे आहे, असे ठरत नाही. हा विभाग जिवावरचे संकट हेरण्यासाठी असतो, आणि दर खेपेला डॉक्टर बदलत असल्याने त्याच तपासण्या पुन्हा होऊन ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ या वाक्यावर भेट संपते. हे वाक्य मला धीर देणारे कमी आणि दार लावणारे अधिक वाटते.

वास्तविक तपासण्यांत कारण न सापडणाऱ्या लक्षणांपैकी काहींचे, उदाहरणार्थ पायातील कमजोरीचे, निदान ठोस खुणांवरून होते. १९०८ मध्ये डॉक्टर चार्ल्स हूवर यांनी नोंदवलेल्या खुणेत, मुद्दाम दाबायला सांगितल्यावर जोर न लावणारा पाय, दुसरा पाय उचलताना आपोआप खाली दाब देतो. हे रुग्णालाच दाखवले, तर मेंदूपासून पायापर्यंतची यंत्रणा शाबूत आहे हे त्याला पटू शकते. (ढोंग पकडण्याची युक्ती म्हणून मात्र ती वापरू नये.) २०१३ च्या डीएसएम-५ नेही (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) शारीरिक लक्षणांच्या विकारासाठी ‘कारण सापडत नाही’ ही अट वगळली.

वारंवार येणाऱ्यांसाठी एकाच डॉक्टरने, त्रास वाढण्याची वाट न पाहता, रुग्णाला ठरावीक अंतराने भेटीला बोलावणे हा उपाय नव्या स्कॅनपेक्षा मला अधिक शहाणपणाचा वाटतो.