नंबर, शेड आणि साल: आमची वाटचाल

डब्ल्यूडीएम-२ हे भारतीय रेल्वेचं डिझेल इंजिन बफरपासून बफरपर्यंत, म्हणजे दोन्ही टोकांच्या धक्के झेलणाऱ्या दट्ट्यांपर्यंत, १७,१२० मिलिमीटर. आम्ही त्याची एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणाची मॉडेल्स करतो, म्हणून ८७ने भागलं की १९६.८. हेडस्टॉक (बफर ज्यावर बसतात ती टोकाची तुळई) ते हेडस्टॉक १५,८६२, म्हणजे १८२.३. उंची ४,१८५ची ४८.१ होते, रुंदी २,८६४ची ३२.९. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात हे आकडे भिंतीवर रंगवून ठेवलेत. आमच्याकडून बाहेर पडलेल्या कुठल्याही एचओ मॉडेलला कुणीही व्हर्नियर लावावा, आमची हरकत नाही. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तो अजून गेलेला नाही.

सुरुवात दांडिया बाजारातल्या एका खोलीत झाली, तीही दुरुस्तीच्या कामाने. नातेवाइकांनी परदेशातून आणलेली अमेरिकन मॉडेल इंजिनं बंद पडली की लोक आमच्याकडे आणायचे. गिअरमधलं ग्रीस घट्ट झालेलं, ब्रश झिजलेले, ॲक्सलवरचा नायलॉनचा गिअर तडकलेला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ असा एकच आवाज येत असेल तर मोटर खोलू नका, आधी गिअर बघा. अशी शेकड्यांनी इंजिनं हाताखालून गेल्यावर एकच प्रश्न उरला: आपल्या लाइनीवर रोज धावणारी मालगाडीची डिझेल इंजिनं कुणी नीट का करत नाही?

करणारे होते, पण फक्त क्लास, म्हणजे इंजिनाचा प्रकार बघून करायचे. ‘डब्ल्यूडीएम-२ द्या’ म्हटलं की हिरवं-पिवळं काहीतरी मिळायचं. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून ऑर्डरच्या कागदावर तीन रकाने आहेत: नंबर, शेड (इंजिन ज्या डेपोचं तो डेपो), साल. तिन्ही भरल्याशिवाय काम सुरू होत नाही. कारण साधं आहे. वाराणसीच्या डीएलडब्ल्यू या रेल्वेच्या डिझेल इंजिन कारखान्यात १९६४पासून ही इंजिनं बनू लागली तेव्हाचं २,६०० अश्वशक्तीचं इंजिन पुढे पतियाळाच्या रेल्वे कारखान्यात जाऊन ३,१०० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-३ए होऊन परत यायचं. नंबर तोच, पुढे फक्त ‘आर’ लागलेला. म्हणजे एकाच नंबरचं मॉडेल एका सालासाठी बरोबर आणि दुसऱ्या सालासाठी साफ चूक असू शकतं. छपरावरचा पिवळा फ्लॅशर लाइट, समोरचे हेडलाइट, डबे जोडणारा मधला सेंटर बफर कपलर, सगळं सालाप्रमाणे बदलतं. डबे स्क्रूने आवळून जोडायच्या जुन्या स्क्रू कपलिंगच्या काळातल्या इंजिनाला फ्लॅशर लावला की जाणकाराला ते लांबूनच खटकतं.

संशोधनाची रीतही सांगून ठेवतो. फोटो इंजिनाच्या बरोबर काटकोनात, शक्य तितक्या लांबून, टेलिफोटो लेन्सने काढलेला हवा. जवळून मोबाइलने काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो आणि टोकं आखडतात. माप काढताना आधार घ्यायचा तो हेडस्टॉकमधल्या अंतराचा. चाकाचा घेऊ नका. नवं चाक १,०९२ मिलिमीटरचं असतं, पण खराद करून करून ते लहान होत जातं, आणि त्यावरून काढलेली सगळी मापं मोठी येतात. एकाच इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे फोटो लागतात, कारण डावी-उजवी बाजू सारखी नसते. शेडमध्ये जायचं असेल तर लेखी परवानगी काढा; नसेल तर प्लॅटफॉर्मवरून, रोड ओव्हरब्रिजवरून जे मिळेल ते घ्या. आणि आज घ्या. ब्रॉडगेजचं विद्युतीकरण झालं तसा डिझेलचा धंदा उठला. मालगाडीची डब्ल्यूडीजी-३ए इंजिनं भंगारात निघत आहेत. २०१८मध्ये तर वाराणसीतच दोन डब्ल्यूडीजी-३ए घेऊन त्यांचं डब्ल्यूएजीसी-३ हे जुळं विजेचं इंजिन केलं गेलं. एकदा इंजिन कापलं की त्याच्या लूव्हर (हवेसाठी ठेवलेल्या तिरप्या पट्ट्या) मोजायला कुणी जाऊ शकत नाही.

आता गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. एचओत तो १९.२६ व्हायला हवा, पण बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५चा, म्हणजे प्रत्येक बाजूला चाक सुमारे १.४ मिलिमीटर आत जातं. काही जण सगळं मॉडेलच १:१००च्या आसपास करतात. त्यात रूळ बरोबर बसतो, पण शेजारी उभे केलेले एचओचे डबे राक्षसासारखे दिसतात. आम्ही बॉडी आणि बोगीची (इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्याची) बाहेरची चौकट १:८७ला ठेवतो, चाक १६.५ला, आणि ब्रेकचे ठोकळे चाकाच्या रेषेत आत घेतो. समोरून पाहिलं की फट दिसते. ती आम्ही लपवत नाही, विकतानाच दाखवतो.

चाकांचं सगळं श्रेय मिस्त्रीकाकांचं. ते आमचे पहिले भागीदार. जीआयडीसीत त्यांची लेथ होती आणि त्यावर पंपाचे शाफ्ट व्हायचे. अमेरिकन चेसिसवरची चाकं बहुतेक ४० इंची चाकांची नक्कल असतात, म्हणजे ११.७ मिलिमीटर. आपल्याला हवीत १२.५५. फरक पाऊण मिलिमीटरच्या जरा वरचा, पण तेवढ्याने इंजिन जवळजवळ अर्धा मिलिमीटर खाली बसतं आणि बफर डब्याच्या बफरला भिडत नाहीत. रेल्वेत बफरची कमाल उंची रुळापासून १,१०५, आपल्याकडे १२.७. काकांनी निकेल-सिल्व्हरच्या सळईतून प्रत्येक चाक वेगळं उतरवलं, फ्लँजचा (चाकाच्या आतल्या कडेचा) आकार फॉर्म टूलने दिला, आणि दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर १४.४ ठेवायला पितळेचा गेज करून दिला. तो गेज अजून आमच्या टेबलावर आहे. त्यात चाक घट्ट गेलं तर जोडी पॉइंटवर (रूळ बदलतो तिथे) चढते, सैल गेलं तर क्रॉसिंगच्या नाकावर (दोन रूळ मिळतात त्या टोकावर) आपटते.

आणि ग्राहकांत एकच नाव सांगायचं तर फोरमनसाहेबांचं. खरं नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. प्रतापनगरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेले, उभा जन्म डिझेलच्या पिटमध्ये गेलेला. पहिलं मॉडेल हातात घेऊन त्यांनी रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अहो, वाळूची नळी रुळाकडे बघायला हवी. ही तर स्लीपरकडे बघतेय. चढावर घसरलं की काय करणार तुमचा ड्रायव्हर?” चाक घसरू नये म्हणून रुळावर वाळू सोडणारी ती नळी; मॉडेलमध्ये ती म्हणजे ०.४ मिलिमीटरची फॉस्फर ब्राँझची तार. तेव्हापासून आमच्या प्रत्येक इंजिनाच्या वाळूच्या नळ्या चाक आणि रूळ जिथे टेकतात तिथेच वाकवलेल्या असतात.

बोगीबद्दल त्यांनीच कान टोचले. डब्ल्यूडीएम-२खाली ट्रायमाउंट बोगी असते, तिच्यात तीन ॲक्सलमधली दोन अंतरं सारखी नसतात. १९९५पासून आलेल्या डब्ल्यूडीजी-३एखाली हाय ॲडहेजन, म्हणजे रुळाला जास्त पकड घेणारी बोगी. तिथे चाकं फिरवणाऱ्या तिन्ही ट्रॅक्शन मोटरींची तोंडं एकाच दिशेला, म्हणजे जोर लावताना पुढच्या ॲक्सलवरचं वजन कमी उचललं जातं आणि चाक कमी घसरतं. मालगाडीच्या इंजिनाचं सगळं सामर्थ्य या बोगीत आहे. तरीही वरून ‘जी’ (मालगाडीचं डब्ल्यूडीजी) आणि खालून ट्रायमाउंट अशी मॉडेल्स विकली जातात, आणि लोक ती घेतातही.

आता त्या प्रकरणाकडे येतो.

आमची डब्ल्यूडीएम-२ची बॉडी पॉलियुरेथेन रेझिनची. ज्यावर सिलिकॉन ओतून साचा काढतो तो मूळ नमुना, म्हणजे मास्टर, स्टायरीन आणि एच केलेल्या (आम्लाने कोरलेल्या) पितळेचा. रेझिन आणि सिलिकॉन मिळून थोडं आकसतं, म्हणून आमची मास्टर मुद्दाम ०.४ टक्के मोठी केलेली आहे: १८२.३ऐवजी १८३.०. हे गणित बसवण्यासाठी किती बॉडी फेकल्या ते आम्हालाच ठाऊक. एका मोठ्या शहरातल्या वितरकांनी ऑर्डर दिली, थोडा ॲडव्हान्स दिला. आम्ही मोटरी मागवल्या, रेझिन भरलं, काकांनी चाकांचा ढीग उतरवून ठेवला. माल तयार झाला आणि फोन आला की नको, त्यांना दुसरीकडे निम्म्या भावात मिळतंय. “दिसायला सेमच आहे.”

ते सेमच दिसणार होतं. आम्ही त्या दुसऱ्या फर्मचं एक मॉडेल बाजारभावाने विकत घेतलं आणि मोजलं. लांबी १८१.२. उंची ४७.८. रुंदी ३२.७. तिन्ही मापं एकाच प्रमाणात कमी. स्वतः मोजून केलेल्या मॉडेलमध्ये चुका असतात, पण त्या कुठे जास्त, कुठे कमी अशा असतात. सगळीकडे सारखंच आकसलेलं मॉडेल म्हणजे कुणाच्या तरी तयार बॉडीवर सिलिकॉन ओतून काढलेली नक्कल, त्यात दुसरा अर्थच नाही. लूव्हरच्या धारा बोथट, रिव्हेट साबणासारखे झिजलेले. इंधन टाकीच्या आतल्या बाजूला आम्ही ठेवलेली एक बारीक खूण होती, तीसुद्धा तिथे तशीच उतरली होती. खाली चाकं ११.७ची.

आम्ही पत्र लिहिलं, मापांचा तक्ता जोडला, दोन्ही बॉडी एका शेजारी एक ठेवून फोटो पाठवले. उत्तर आलं की रेल्वेचं इंजिन कुणाच्या मालकीचं नसतं. इंजिन नसतं हो, पण साचा असतो! त्या बॉडीतली प्रत्येक मिलिमीटर मोजायला आम्ही उन्हातान्हात उभे राहिलो होतो. संग्राहकांच्या बैठकांमध्येही काही जणांनी आम्हालाच समजावलं, ‘स्वस्तात मिळालं तर छंद वाढतो.’ ज्यांनी हे सांगितलं त्यांच्या कपाटात आमची मॉडेल्स होती, आणि शेजारी ती नक्कलही.

तो पावसाळा गाळा बंद करायला लावणार होता. पैसे मालात अडकलेले आणि उघडलेले रेझिनचे डबे खराब होऊ लागले. याचं कारण समजून घ्या. पॉलियुरेथेनच्या एका भागात आयसोसायनेट असतं, ते हवेतल्या ओलाव्याशी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बॉडीभर बुडबुडे येतात. बडोद्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये डबा उघडा राहिला की संपला. डबा उघडल्यावर कोरडा नायट्रोजन किंवा निदान सिलिका जेलच्या पेटीत ठेवा, साचे ओतण्याआधी गरम करून कोरडे करा, आणि ओतल्यावर लगेच प्रेशर पॉटमध्ये (हवेच्या दाबाच्या बंद भांड्यात) घाला.

काकांनी चाकांचे पैसे मागितले नाहीत. “माल विकला की द्या,” म्हणाले. फोरमनसाहेबांनी आपल्या निवृत्त मंडळींना एकेक करून गाळ्यात आणलं. ज्याने ज्या इंजिनावर काम केलं, त्याला त्याच नंबरचं मॉडेल. अडकलेल्या बॉडी अशा एकेक नंबराने सुटल्या. वितरकांना माल देणं आम्ही तेव्हा बंद केलं ते कायमचं. पुढची वर्षं सुरळीत गेली.

वापरलेलं मॉडेल घेणाऱ्यांना मात्र सांगावंसं वाटतं. आधी व्हर्नियर लावा, मग किंमत बोला. बॉडी उंच करून लांबीच्या रेषेत बघा. काचेच्या कपाटात खिडकीसमोर ठेवलेलं रेझिन आपल्या मे महिन्यात वाकतं. साधारण ६०-७० अंशांच्या पाण्यात धरून सपाट काचेवर सरळ करता येतं, पण आधी हँडरेल काढून ठेवा. खोक्यातला जुना फोम चिकट झाला असेल तर लगेच फेका, तो रंग खातो. मॉडेल ॲसिड-फ्री टिश्यूत गुंडाळा. नंबर आणि क्लास जुळतात का बघा: १२ हजारांच्या मालिकेत डब्ल्यूडीजी-४, १३ हजारांच्या मालिकेत डब्ल्यूडीजी-३ए. डिकोडर (मॉडेल चालवणारी आतली चिप) आवाजाचा असेल तर इंजिन ओळखा. डब्ल्यूडीएम-२ आणि डब्ल्यूडीजी-३एमध्ये अल्को या अमेरिकन कंपनीचं २५१, चार स्ट्रोकचं. डब्ल्यूडीजी-४मध्ये ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं ७१०, दोन स्ट्रोकचं. अल्कोच्या बॉडीतून ईएमडीचा आवाज येणारं मॉडेल आमच्याकडे दुरुस्तीला आलंय, आणि मालकाने त्याला चांगली किंमत मोजली होती.

सध्या टेबलावर डब्ल्यूडीजी-४ आहे, ४,००० अश्वशक्तीचं. बॉडी या वेळी एका तुकड्यात ओतणार नाही. मागचा रेडिएटरचा फुगीर भाग आणि छपरावरची डायनॅमिक ब्रेकची जाळी एच केलेल्या पितळेची, वेगळी बसणारी. पितळेच्या त्या जाळीवर सिलिकॉन ओतून नक्कल काढायला गेलं तर जाळीची भोकं भरून जातात. ऑर्डर पाठवताना तीन रकाने भरा, आणि त्या इंजिनाचा त्याच सालचा दोन्ही बाजूंचा फोटो असेल तर सोबत द्या. नसेल तर आमच्या संग्रहात शोधू, आणि तिथेही नसेल तर जवळच्या सालाचं सुचवू. नंबर आम्ही मनाने घालत नाही.