पाण्यात कळस नव्हता

साडेअकराला फोन आला तेव्हा मी आडवा झालो होतो. पहाटे चारला उठलेल्या माणसाचा तेवढा हक्क असतो. पलीकडे प्रदर्शनाची मांडणी करणारी डिझायनर होती.

"सर, फोटो सुंदर आलाय. फक्त खालच्या भागात एडिट करताना कळस उडालाय का?"

"मी एडिट केलंच नाहीये."

"मग पाण्यात कळस का नाही?"

फोन कानाला लावूनच लॅपटॉप उघडला. वर दर्शनी कमान, तिच्यामागून डोकावणारा घुमटाचा माथा आणि त्यावर पितळी कळस. खाली हौदात उलटी कमान, तिची उलटी नक्षी, आणि त्याखाली नुसतं आकाश. ना घुमट, ना कळस. खरं सांगतो, पोटात गोळा आला. इतकी वर्षं हेच काम करतोय, पण पहिला विचार आला तो हाच, की झोपेत आपण कुठलं बटण दाबलं?

काम साधं होतं. जुन्या मकबऱ्यासमोरचा लांबट हौद आणि त्यातलं प्रतिबिंब. परवानगी रीतसर मिळालेली. अशा कामात वेळ आपण ठरवत नाही, पाणी ठरवतं. ऊन वर आलं, जमीन तापली की वारा सुटतो आणि आरशाचा पत्रा होतो. त्यात सात वाजता कारंजी सुरू होणार, हे पहारेकऱ्याने आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे हातात जेमतेम अर्धा तास. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा फिल्टर, मी पिशवीतून काढलाच नाही. पाण्यावरची चमक घालवायला तो उत्तम, पण इथे ती चमक म्हणजेच तर फोटो! हौशी मंडळी हमखास इथे फसतात. दुसरी चूक फोकसची. पाण्याच्या पृष्ठभागावर फोकस केला की तरंगणारी पानं धारदार येतात आणि इमारत विरघळते. प्रतिबिंब दिसतं पाण्यात, पण फोकसच्या हिशेबाने ते इमारतीइतकंच लांब असतं.

मागणी अशी होती की हौद पूर्ण लांबीचा दिसला पाहिजे. डोळ्याच्या उंचीवरून तो चपटी पट्टी वाटत होता. म्हणून कॅमेरा लांब मोनोपॉडवर, म्हणजे एकपायी दांड्यावर चढवला, पाण्यापासून साधारण ३ मीटर वर, आणि मोबाइलवर बघत फ्रेम लावली. हौद झकास उलगडला. कळसाकडे बघायला सवड कोणाला होती?

आणि गोम तिथेच होती. कॅमेरा पाण्याच्या ३ मीटर वर असेल, तर प्रतिबिंबात इमारत दिसते ती पाण्याच्या ३ मीटर खालून पाहिल्यासारखी. एकाच फोटोत दोन नजरा, आणि त्यांच्या उंचीत ६ मीटरचं अंतर. वरच्या नजरेला कमानीच्या माथ्यावरून मागचा कळस दिसत होता. खालच्या नजरेला तीच कमान आड येत होती. इमारत खूप लांब असेल तर हा फरक जाणवत नाही. वॉशिंग्टनमधल्या लिंकन स्मारकासमोरचा तलाव ६०० मीटरहून लांब आहे. त्याच्या पार टोकाला उभं राहिलं तर ३ मीटर वर काय आणि खाली काय! इथे मात्र कमान चाळीसेक मीटरवर होती आणि घुमट तिच्या बराच मागे.

हे फोनवर सांगितलं. पलीकडे शांतता. मग अगदी नम्रपणे, "सर, मूळ रॉ फाइल पाठवाल का?" रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, एडिट न झालेली फाइल. म्हणजे विश्वास बसला नव्हता. राग आला, पण तिचं तरी काय चुकलं? मीही मघाशी स्वतःवर संशय घेतलाच होता.

दुपारी लॅपटॉप घेऊन थेट तिच्या ऑफिसात गेलो. रॉ फाइल दाखवली. तिने ती शंभर टक्के मोठी करून पाण्याचा कोपरा न् कोपरा तपासला. मग मी तिच्याकडून एक आरसा मागितला. तो टेबलावर आडवा ठेवला, पलीकडच्या कडेला एक जाड पुस्तक उभं केलं आणि त्याच्या मागे पाण्याची बाटली. बसल्या जागेवरून बघितलं तर पुस्तकावरून बाटलीचं निळं झाकण दिसत होतं. आरशात मात्र नुसतं पुस्तक.

"आता हनुवटी टेबलाला टेकवा."

तिने टेकवली. झाकणाची कड वरही दिसली आणि आरशातही. मान वर केली, आरशातली गेली. पुन्हा खाली, पुन्हा आली. असं चार-पाच वेळा झालं. शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून आले, त्यांनीही हनुवट्या टेकवल्या.

"म्हणजे फोटो खरा आहे," ती म्हणाली. थोडं थांबून, "पण बघणाऱ्यांना तो खोटा वाटणार. तुम्ही पाण्यात कळस घालून द्याल का?"

मला हसावं की रडावं कळेना. खरा फोटो खरा वाटावा म्हणून खोटा करायचा! नाही म्हणालो. इस्फहानमधल्या चेहेल सोतून महालाच्या नावाचा अर्थच मुळी 'चाळीस खांब'. मंडपात खांब वीस, उरलेले वीस समोरच्या पाण्यातले, असं सांगतात. तिथे पाण्याने दिलेले खांब मोजून घेतात, आणि इथे पाण्याने न दिलेला कळस मी संगणकातून आणायचा? तिला तोडगा सुचवला: कॅमेरा पाण्याला टेकवू. हौद पट्टीसारखा येईल, पण दोन्ही नजरा एक होतील. "मी पण येते," ती म्हणाली.

कारंजी सहाला बंद झाली. पाणी निवायला पंधरा-वीस मिनिटं गेली. कॅमेरा कपड्याची घडी करून काठावर ठेवला, लेन्स पाण्याच्या चार बोटं वर. दोघंही पालथे पडलो. तिची बाही कोपरापर्यंत भिजली. स्क्रीनवर कमानीच्या वर कळसाचं फक्त टोक उरलं होतं, आणि खाली, पाण्यात, तेवढंच टोक. पाठोपाठ बारा फोटो घेतले.

मागून बुटांचा आवाज आला. सकाळचाच पहारेकरी.

"काय पडलं का पाण्यात?"

"कळस हरवला होता," ती मान न वळवता म्हणाली. "सापडला."