ट्रॅक्टरच्या बॅटरीवर केलेलं फर्मवेअर अपडेट

पांढरकवड्याहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यात, ऐन हंगामात गाठी बांधणारी प्रेस सारखी अडत होती. व्होल्टेज क्षणभर जरी पडलं तरी प्रेस चालवणारा कंट्रोलर फॉल्टमध्ये जायचा आणि हाताने रिसेट केल्याशिवाय चालू व्हायचा नाही. प्रेस थांबली की रुई साचते, रुईला जागा उरली नाही की जिन थांबवावे लागतात, आणि मग फाटकाबाहेर कापूस घेऊन उभे असलेले ट्रॅक्टर जागचे हलत नाहीत. त्यात सुट्या रुईच्या ढिगाला एक ठिणगी पुरते, त्यामुळे मालकांचा जीव टांगणीला लागला होता.

कंट्रोलर बनवणाऱ्यांनी हा दोष नव्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, काढला होता. मॉडेल जुनं, त्यामुळे ते भरायचं आरएस-232 या जुन्या सिरीयल पोर्टातूनच. आधी मी कंट्रोलरमधला प्रेसचा प्रोग्राम लॅपटॉपवर उतरवून घेतला, टायमर आणि प्रेशरच्या सेटिंग वहीत लिहिल्या. फर्मवेअर बदलताना आतली मेमरी पुसली जाते, आणि असा जुना प्रोग्राम दुसरीकडे कुठे मिळेलच याचा भरवसा नसतो.

फर्मवेअर भरायच्या बूट मोडमध्ये वेग सेकंदाला 9600 बिटच. एका बाइटला स्टार्ट-स्टॉप धरून दहा बिट, म्हणजे सेकंदाला 960 बाइट. 512 केबीची फाइल जायला नऊ-दहा मिनिटं. फाइल 128 बाइटच्या तुकड्यांत जाते. तुकडा नीट पोचला तर कंट्रोलर होकार देतो, नाहीतर तोच तुकडा परत मागतो. सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. मग एकदम नकार यायला लागले आणि ट्रान्सफर तुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा तसंच. फर्मवेअर भरून घेणारा छोटा प्रोग्राम, बूटलोडर, मेमरीत वेगळा राखलेला असल्याने कंट्रोलर मेला नव्हता, पण प्रेस मात्र आता पूर्ण बंद होती.

जिनिंगचे मिस्त्री दाराशी उभे राहून बघत होते. वय साठीच्या पुढे, शिक्षण कारखान्यातच झालेलं. ते म्हणाले, "साहेब, तिकडं कापूस ओढाचा पंखा सुरू झाला का तुमचं बिघडते जी. मी कानानं आयकून रायलो."

मी पंखा बंद-चालू करायला लावला. अगदी तसंच! आरएस-232 मध्ये प्रत्येक बिट पाच नंबरच्या पिनवरच्या ग्राउंडशी ताडून वाचला जातो. लॅपटॉपचा चार्जर ऑफिसच्या सॉकेटमध्ये, कंट्रोलर पॅनलच्या अर्थिंगवर. मोठी मोटार सुरू होताना दोन्हीकडचं ग्राउंड वेगवेगळं हलत होतं आणि बिट चुकत होते. चार्जर काढला, लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर घेतला, आणि मालकांनी तेवढ्या वेळापुरते सगळे जिन थांबवले.

राहिली वीज. मेमरी पुसून लिहिणं चालू असताना लाइन गेली तर काय, हा प्रश्न होताच. जनरेटर होता, पण तो पकडेपर्यंत मधे अंधार पडतोच, आणि त्या गावच्या फिडरचा काय भरवसा.

यावरचा उपायही मिस्त्रींनीच सांगितला. "याले चोवीस व्होल्टच पायजे ना? मंग दोन ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या जोडा की."

रांगेतल्या दोन शेतकऱ्यांनी एका शब्दावर बॅटऱ्या काढून दिल्या. त्यातले एक तर रात्रीपासून नंबर लावून बसले होते. एकीचं निगेटिव्ह दुसरीच्या पॉझिटिव्हला जोडलं, मधे दोन अँपियरचा फ्यूज घातला. मीटरवर 25 व्होल्टच्या जरा वर. कंट्रोलरवर छापलेली मर्यादा 20.4 ते 28.8, म्हणजे आरामात बसत होतं. पॅनलचा पॉवर सप्लाय सोडवला, बॅटऱ्या लावल्या आणि ट्रान्सफर सुरू केलं. साठ टक्क्यांच्या आसपास शेडमधले दिवे खरंच गेले. कोणी हललं नाही. लॅपटॉपच्या उजेडात आकडा चढत राहिला आणि शंभरावर थांबला, फाइल बिनचूक पोचल्याची खूण असलेला चेकसम जुळला.

दिवे आल्यावर पॅनलचा सप्लाय परत जोडला, प्रोग्राम भरला, वहीतल्या सेटिंग एकेक करून तपासल्या. मग पंप बंद ठेवून कंट्रोलरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, मुद्दाम क्षणभर पाडला. कंट्रोलर रिसेट न करता आपोआप रनमध्ये आला. तो हिरवा दिवा बघून मिस्त्रींनी माझा हात घट्ट धरला. खरं तर हात मीच धरायला हवा होता.

संध्याकाळी प्रेसमधून गाठी पडायला लागल्या. बॅटऱ्या परत बसवून दिल्या, आणि त्या दोघांचा कापूस मालकांनी सगळ्यांत आधी मोजून घेतला. मी कंट्रोलरसाठी वेगळ्या 24 व्होल्ट बॅटरी बॅकअपची आणि दोन्हीकडचं ग्राउंड वेगळं ठेवणाऱ्या आयसोलेटेड सिरीयल कन्व्हर्टरची यादी मिस्त्रींच्या हातात दिली. पुढचं अपडेट तेच करणार आहेत.