गुडघेदुखी: टॉवेलवरून खुर्चीकडे

गुडघ्यांची झीज निघाली की घरोघरी एकच व्यायाम सुरू होतो: पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती पाच सेकंद दाबून धरायची. सुरुवातीला तो उत्तमच. पण महिनोन्‌महिने तेवढंच करून जिना सोपा होत नाही. भार वाढला नाही तर स्नायूची ताकद वाढत नाही. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, भरून येत नाही हे खरं, पण मांडीचे आणि नितंबाचे स्नायू सत्तरीतही बळकट होतात. ते बळकट झाले की दुखणंही कमी होतं.

टॉवेल दहा वेळा आरामात दाबता आला, की खुर्चीतून उठ-बस सुरू करा. खुर्ची भिंतीला टेकवा. बैठक खोल वाटली तर घट्ट घडीची सतरंजी टाका. बैठक जितकी उंच, तितका गुडघ्यावरचा ताण कमी. कडेला सरकून बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, धड पुढे झुकवा आणि टाचांवर जोर देत, श्वास सोडत उठा. श्वास कोंडू नका, विशेषतः रक्तदाब असेल तर.

खरी मेहनत खाली बसताना आहे. मनात तीन आकडे मोजत बसा. शेवटच्या वीतभर अंतरात बरेच जण धपकन बसतात. नेमकं तिथेच मांडीला सर्वांत जास्त काम असतं आणि ते वाया जातं. 8 ते 10 वेळा, मिनिटभर विश्रांती, पुन्हा तेवढंच. एक दिवसाआड पुरे.

उठताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का, आरशात बघा. झुकत असतील तर बहुधा कमरेच्या बाजूचा स्नायू कमजोर असतो. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, जरा मागे ठेवून उचला. कंबर मागे कलंडू देऊ नका, नाहीतर भलताच स्नायू काम करतो.

थोडं दुखेलच. दहापैकी तीन-चार इतकं दुखणं चालतं, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ते नेहमीइतकं व्हायला हवं. सूज आली तर सतरंजीची घडी वाढवा, व्यायाम सोडून देऊ नका. गुडघा लाल-गरम होऊन ताप आला, मध्येच अडकला किंवा एकच पोटरी सुजली, तर मात्र थांबून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दहा वेळा सहज जमू लागलं की सतरंजी काढा. मग दोन्ही हातांत पाण्याची एकेक लिटरची भरलेली बाटली घ्या. फरक जाणवायला 8 ते 12 आठवडे द्या.