तुम्ही विचारलंत म्हणून : तो तिसरा आकडा कसला?

पिकलबॉल म्हणजे पॅडलने, म्हणजे चपट्या फळीसारख्या बॅटने, प्लास्टिकचा चेंडू नेटपलीकडे मारायचा खेळ. तो नव्याने खेळायला येणाऱ्यांचा मला ठरलेला प्रश्न असतो. "सर्व्हिसच्या आधी ते तीन आकडे कसले म्हणता? अजून एक चेंडू मारला नाही आणि शून्य-शून्य-दोन? ते दोन आले कुठून?" आणि त्याच्या शेपटाला दुसरा : "बरं, सर्व्हिस नक्की करायची कशी? जो तो वेगळंच सांगतो."

दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून एकत्रच सांगते. पिकलबॉलच्या नेहमीच्या पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळतो. समोरच्यांनी कितीही देखणी रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू थांबेपर्यंतची टोलवाटोलवी, जिंकली तरी त्यांच्या खात्यात काही जमा होत नाही, सर्व्हिस करणाऱ्यांची संधी तेवढी जाते. म्हणजे सर्व्हिस हा गुण कमावण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क आत्ता कोणाकडे आहे, अजून किती उरला आहे, याचा हिशेब ठेवावाच लागतो. पहिला आकडा सर्व्हिस करणाऱ्यांचे गुण, दुसरा समोरच्यांचे. तिसरा आकडा गुण नव्हेच. दुहेरीत तो सांगतो की सर्व्हिस करणाऱ्या जोडीतला पहिला खेळाडू सर्व्हिस करतोय की दुसरा. एक असेल तर रॅली गमावली तरी पार्टनरची पाळी बाकी आहे. दोन असेल तर ही गेली की सर्व्हिस पलीकडे. यालाच साइड आउट म्हणतात.

आता ते सुरुवातीचं दोन. एरवी प्रत्येक जोडीला दोघांची मिळून दोन पाळ्या मिळतात. पण डावाच्या अगदी सुरुवातीला जी जोडी सर्व्हिस करते तिलाही दोन पाळ्या दिल्या, तर समोरच्यांना संधी मिळण्याआधीच ती बरीच पुढे निघून जाईल. म्हणून तिला एकच पाळी. पहिली जणू वापरून झाली असं धरायचं आणि थेट दोनपासून सुरू करायचं. ही सवलत, खरं तर कपात, डावात एकदाच.

नुसतं ऐकून हे पचत नाही, म्हणून चार रॅली खेळून बघू. एका बाजूला अ आणि ब, पलीकडे क आणि ड. अ आणि क आपापल्या उजव्या अर्ध्यात, ब आणि ड डाव्या. अ म्हणतो, "शून्य-शून्य-दोन", आणि तिरप्या रेषेत क कडे सर्व्हिस करतो. रॅली अ-ब जिंकतात. स्कोअर एक-शून्य-दोन. आता अ आणि ब जागा बदलतात, अ डावीकडून ड ला सर्व्हिस करतो. क आणि ड मात्र जागचे हलत नाहीत. घेणारी जोडी कधीच जागा बदलत नाही, आणि नवशिक्यांचा निम्मा गोंधळ इथेच होतो. समोरचे इकडून तिकडे गेले की यांनाही उगाच जावंसं वाटतं.

ही रॅली अ-ब हरतात. साइड आउट. सर्व्हिस पलीकडे गेली की ती नेहमी उजव्या अर्ध्यात उभ्या असलेल्या खेळाडूकडे जाते, म्हणजे क कडे. क आधी आपल्या जोडीचे गुण म्हणणार : "शून्य-एक-एक". क हरला. जागाबदल नाही, कारण गुण झालेला नाही. ड जिथे उभा आहे तिथूनच, म्हणजे डावीकडून, "शून्य-एक-दोन" म्हणून सर्व्हिस करतो. समजा तोही हरला. पुन्हा साइड आउट, सर्व्हिस अ-ब कडे. आणि आता कोण करणार? अ नाही, ब. कारण मघाशी जागा बदलल्यामुळे उजवीकडे ब आहे. "एक-शून्य-एक."

म्हणजे एक आणि दोन हे कोणाला कायमचे चिकटलेले नंबर नाहीत. डाव सुरू करणारा अ या खेपेला दुसरा आहे. दर साइड आउटला उजवीकडे जो असेल तो एक, बस.

जागा विसरलात तर एक खूण अडीअडचणीला फार उपयोगी पडते. तुमच्या जोडीकडून डावातली पहिली सर्व्हिस कोणी केली तेवढं लक्षात ठेवा. जोडीचे गुण सम असतील तेव्हा तो खेळाडू उजवीकडे असायला हवा, विषम असतील तेव्हा डावीकडे. स्पर्धेत त्या खेळाडूच्या मनगटावर ओळखीची पट्टी असते ती याचसाठी. माझ्या मते मैत्रीच्या खेळातही ती बांधायला हरकत नाही. भांडणं वाचतात.

एवढी कटकट कशाला, असं वाटणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. पिकलबॉल १९६५ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, बेनब्रिज बेटावर सुरू झाला. जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम ही त्यामागची माणसं. खेळायला जागा होती ती बॅडमिंटनच्या कोर्टाची, आणि आजही पिकलबॉलचं कोर्ट बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढंच आहे, ४४ फूट बाय २० फूट. त्या काळी बॅडमिंटनमध्येही गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळायचा. दुहेरीत पहिला सर्व्हर, दुसरा सर्व्हर हा प्रकार होता, आणि डावाच्या सुरुवातीला एकच पाळी हाही. २००६ मध्ये बॅडमिंटनने ती पद्धत सोडली आणि प्रत्येक रॅलीला गुण द्यायला सुरुवात केली. ज्यांनी जुनं पंधरा गुणांचं बॅडमिंटन खेळलं आहे त्यांना पिकलबॉलचा स्कोअर पाच मिनिटांत कळतो. तरुण मुलांनाच समजावत बसावं लागतं.

आता सर्व्हिस. टेनिस बघून आलेले डोक्यावरून मारायला जातात, ते इथे चालत नाही. चेंडू हवेतच मारणार असाल तर तीन अटी आहेत : हात खालून वर येत असला पाहिजे, चेंडूला पॅडल लागतं तो क्षण कमरेच्या, म्हणजे बेंबीच्या खाली असला पाहिजे, आणि त्या क्षणी पॅडलचं डोकं मनगटाच्या वर गेलेलं नको. फोरहँड की बॅकहँड, ते तुमच्या मर्जीवर.

हे तीनही एकदम सांभाळताना हात आखडतो. म्हणून मी प्रत्येक नव्या माणसाला ड्रॉप सर्व्हच शिकवते. चेंडू हातातून नुसता सोडायचा. वर उडवायचा नाही, खाली आपटायचा नाही, बोटांनी फिरकी द्यायची नाही. टप्पा पडून वर आला की मारायचा. यात वरच्या तिन्ही अटी लागू नाहीत. पाहिजे तर पूर्ण थांबून, पाय रोवून, हळूच चेंडू सोडून बघा. तो जेमतेम गुडघ्यापर्यंत उसळतो, त्यामुळे हात आपोआप खालूनच येतो आणि कोणी बोट दाखवायला जागा उरत नाही. काही जुन्या खेळाडूंना हा लहान मुलांचा प्रकार वाटतो. वाटू दे. नियमांत तो आहे आणि भल्याभल्यांनी वापरलेला आहे.

पाय बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, मागे असावेत, रेषेलाही लागता कामा नयेत, आणि मारताना निदान एक पाय जमिनीवर हवा. चेंडू तिरप्या, समोरच्या चौकोनात पडला पाहिजे. नेटपासून ७ फुटांचा पट्टा म्हणजे किचन. त्यात, किंवा त्याच्या रेषेवरही सर्व्हिस पडली तर फॉल्ट. बाकीच्या रेषा मात्र आत धरतात. म्हणजे तुमच्यासाठी १५ फूट लांब आणि १० फूट रुंद अशी चांगली ऐसपैस जागा उरते. तरी लोक कोपरे शोधतात आणि चेंडू बाहेर घालवतात. टेनिससारखी दुसरी संधी इथे नाही. एक सर्व्हिस चुकली की पाळी गेली. नवशिक्याने चौकोनाच्या मध्यावर, जरा खोल टाकावी आणि गप्प राहावं. नेटला लागून चेंडू बरोबर चौकोनात पडला तर खेळ चालूच राहतो. पुन्हा सर्व्हिस करायची पद्धत २०२१ पासून बंद आहे.

सर्व्हिस झाली की पुढे धावू नका, हे मला अगदी ओरडून सांगावं लागतं. समोरच्याने सर्व्हिस एक टप्पा पडल्यावरच मारायची असते आणि त्याचा परतीचा चेंडूही तुमच्याकडे एक टप्पा पडल्यावरच तुम्ही मारायचा असतो. त्यानंतर हवेतल्या हवेत मारायला मोकळीक, अर्थात किचनच्या बाहेर उभं राहून. म्हणजे सर्व्हिस करणारी जोडी मागे अडकून पडते आणि घेणारी जोडी परतीचा चेंडू मारून निवांत किचनच्या रेषेपर्यंत येते. गुणाचा हक्क तुमच्याकडे, पण मोक्याची जागा त्यांच्याकडे. सर्व्हिसवर एक्का मारून जिंकायचा हा खेळ नाही, आणि स्कोअर कधीकधी चार-चार, पाच-पाचवर अडकून बसतो तोही यामुळेच. डाव साधारण ११ गुणांचा, दोनच्या फरकाने जिंकायचा.

स्कोअर म्हटल्याशिवाय सर्व्हिस करू नये, आणि म्हटल्यावर १० सेकंदांत करावी. पुटपुटू नका, पलीकडच्या दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणा. शंका असेल तर सर्व्हिसच्या आधीच विचारा. रॅली झाल्यावर "अरे, किती झाले होते?" यातून कधीच एकमत होत नाही.

एकेरीत हे सगळं सोपं : दोनच आकडे, आपले गुण सम असतील तर उजवीकडून सर्व्हिस, विषम असतील तर डावीकडून. आणि हल्ली काही ठिकाणी रॅली स्कोअरिंगनेही खेळतात. मेजर लीग पिकलबॉल या अमेरिकेतल्या स्पर्धेने ती पद्धत वापरली आहे. तिथे सर्व्हिस कोणाचीही असो, रॅली जिंकली की गुण. डाव लवकर आटोपतो, म्हणून वेळ कमी आणि माणसं जास्त असली की आयोजकांना ती बरी पडते. पण तिचे बारकावे, म्हणजे डाव किती गुणांचा आणि शेवटचा गुण सर्व्हिसवरच मिळवायचा का, हे जागोजागी वेगळे असतात. तेव्हा कोर्टावर उतरण्याआधी तेवढं विचारून घ्या.